चिठ्ठी क्रमांक दोनशे बारा

फेब्रुवारी चौऱ्याहत्तर. कायनूच्या जंगलात
उणे एकतीस. पेनातली शाई गोठली,
म्हणून हे पेन्सिलीनं.

हेलसिंकीच्या कचेरीनं यादी दिली आहे,
एकेका शब्दाला एकेक चिठ्ठी :
अर्थ, उदाहरण, सांगणाऱ्याचं नाव, गाव.
आजचं क्रियापद : लुओपुआ.
सोडणं. हक्क सोडणं, आशा सोडणं,
आपलं असलेलं आपलं नाही म्हणणं.
एवढं मलाही ठाऊक होतं.
मला हवं होतं मूळ, आणि तेही
साइमी पीराइनेनच्या तोंडून.

ती अंगणात बर्फ उपसत होती.
वय एक्क्याऐंशी. फावडं तिच्याहून उंच.
"लुओपुआ म्हणजे काय, साइमी?"
"आधी ते दार लोट. ऊब पळतेय."

मुळाशी लुओदा आहे, हे कोशात सापडतं.
लुओदा गरीब घरातला शब्द,
एकच सदरा, सगळ्या कामांना :
फावड्यानं बर्फ बाजूला टाकणं, लुओदा.
सापानं कात टाकणं, लुओदा.
मागावर चढवायचा ताणा टाकणं,
कुणाकडे नजर टाकणं,
आणि गाईनं दिवस भरायच्या आत
वासरू टाकणं.
हे शेवटचं साइमीनं सांगितलं, अगदी हळू,
जणू ओमेना अजून गोठ्यात आहे
आणि तिला ऐकू जाईल.

रविवारी हाच शब्द कोट घालून
चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो :
लुओया, ज्यानं हे सगळं निर्माण केलं.
"त्यानंही उपसलंच असेल," साइमी म्हणाली.
"आधी जागा कुठं होती?"

मग कधीतरी या शब्दाला शेपूट फुटली, पुआ,
आणि इतकी वर्षं बर्फाकडे, सापाकडे,
वासराकडे बघणारं क्रियापद
मान वळवून कर्त्याकडे बघू लागलं.
मी हे तिला समजावत होतो.
धातू म्हणालो, प्रत्यय म्हणालो,
टेबलावर बोटानं रेघाही ओढल्या.
तिनं कॉफी बशीत ओतली,
साखरेचा खडा दातांत धरला
आणि माझं ऐकून घेतलं,
रेडिओवरचं हवामान ऐकतात तसं.

दीड वाजता आउलिस आला, घोडा आणि घसरगाडी घेऊन.
त्याच्या सुनेनं माग घेतला होता.
साइमी सोमवारी गावातल्या वृद्धाश्रमात जायची होती,
तिथल्या खोलीत पलंग मावतो आणि एक खुर्ची.
हे तिनं मला सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं, यादीत नव्हतं.

तेव्हा कुठं ध्यानात आलं
सकाळपासूनचा तो बर्फ कशासाठी.
दारापासून रस्त्यापर्यंत
बरोबर मागाच्या रुंदीची वाट,
एक वीत जास्त नाही.

मागावर हातभर ताणा उरला होता.
"धर," म्हणाली. मी धरला.
कात्री बोथट. दोनदा अडली,
तिसऱ्यांदा सुटलेले दोरे
माझ्या मुठीत एकदम हलके झाले.
धोटा मात्र तिनं एप्रनच्या खिशात टाकला,
आउलिसकडे बघत, बिनदिक्कत.

लाकडं बाहेर गेली, एकेक.
ती भिंतीला टेकून उभी राहिली, वाटेतून बाजूला.
बर्फ उपसताना बर्फ बाजूला होतो.
इथं उपसणारीच झाली होती.
हे मला तिथंच सुचलं, आणि सुचल्याची लाजही वाटली.

जमिनीवर चार फिक्या खुणा.
ती जाऊन त्यांच्या मधोमध उभी राहिली,
लोकरी मोज्यांत, जरा वेळ.
"इथं जमीन गार आहे," म्हणाली.
"चाळीस वर्षं कळलंच नाही."

चिठ्ठी भरली.
सांगणारी : पीराइनेन, साइमी.
उदाहरण : इथं जमीन गार आहे.
अर्थाची ओळ कोरी ठेवली आहे.
कचेरी परत पाठवील. पाठवू दे.